वेरोनिकेचा रुमाल आणि फाळके यांचा पडदा

भिंगारला आम्ही क्रुसाची वाट लहानपणापासून चालत आलो आहोत. उपवासकाळातील शुक्रवारी सायंकाळी उन्हे उतरली की मंडळी जमतात, आणि एकेका स्थानाशी गुडघे टेकीत पुढे सरकतात. खरे सांगावयाचे तर चौदा स्थानांपैकी सहाव्या स्थानाशी आमचे गुडघे नेहमीच थोडे लवकर उचलले जात. प्रभूचे तीनदा पडणे, मातेची भेट, कुरेनेकर सिमोनाचा खांदा, हे सारे मनाला चटकन भिडे. कोणी एक वेरोनिका गर्दीतून पुढे येते, प्रभूचे मुख पुसते आणि निघून जाते, एवढ्यावर फार वेळ थांबावे असे आम्हांला कधी वाटले नाही. शुभवर्तमानांत तिचे नावही नाही. सन १९९१ च्या गुड फ्रायडेला रोम येथील कोलोसियममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी केवळ बायबलमधील प्रसंगांवर आधारलेली क्रुसाची वाट चालविली, तेव्हा तीत वेरोनिकेला स्थान नव्हते. परंपरेने दिलेले स्थान शास्त्राच्या काटेकोर तराजूत हलके ठरते ते असे.

या स्त्रीकडे आम्हांस पुन्हा वळून पाहावयास लावले ते एका मूकपटाने. गेल्या उपवासकाळात आमच्या मंडळींनी एका दालनात पांढरी चादर ताणून बांधली आणि तिच्यावर सन १९०६ चा फ्रेंच मूकपट दाखविला. 'ख्रिस्ताचे जीवन' हे त्याचे नाव. अवघा अर्ध्या तासाहून थोडा अधिक. मुले आरंभी हसली. कारण त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. तीच फीत आजच्या चोवीस चित्रांच्या वेगाने धावविली की माणसे तुरुतुरु चालू लागतात. जैतुनाच्या बागेतील शिष्य घाईघाईने झोपी जातात आणि पिलात लगबगीने हात धुतो. परंतु सहाव्या स्थानाचा देखावा आला आणि दालनातील हसू थांबले. मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी क्रुसाची खूण केली. असे काय घडले होते त्या पडद्यावर? हे नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्याआधी आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. खेळ संपल्यावर आमच्यातील एक गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "हाच चित्रपट पाहून दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जन्म आपल्या प्रभूमुळे झाला!" टाळ्या पडल्या. मग आम्ही सुचविले की, पुढच्या वेळी फाळके यांचा 'कालियामर्दन' दाखवावा. त्यावर तेच गृहस्थ म्हणाले, "छे, छे! तो पुराणातला विषय; तो आपल्या दालनात कशाला?" या दोन वाक्यांमधील अंतर आमच्या मनात तेव्हापासून सलते आहे.

प्रथम हकीकत. सन १९११ मध्ये गुड फ्रायडे १४ एप्रिलला आणि ईस्टर १६ एप्रिलला होता. चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे १४ तारखेस फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये जनावरांची चित्रे पाहावयास गेले. मुलाने घरी येऊन पडद्यावरच्या हलत्या जनावरांचे वर्णन केले ते कोणाला खरे वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके यांनी साऱ्या कुटुंबाला नेले. सण ईस्टरचा, त्यामुळे पडद्यावर जनावरांऐवजी ख्रिस्तचरित्र आले. स्वतः फाळके यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत हा प्रसंग १९१० चा म्हणून सांगितला आहे. वर्षाचा हा फरक आठवणीचा मानावा. मात्र आपल्या मनाची जी स्थिती त्यांनी वर्णिली आहे तिच्याविषयी शंका नाही. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना मनश्चक्षूंपुढे त्यांना श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. ते चित्र त्यांनी पुन्हा पाहिले, पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखविले. ख्रिस्तचरित्रावर त्या काळी एकाहून अधिक फिती निघाल्या होत्या. पाते कंपनीचीही एक होती. तथापि फाळके यांनी पाहिलेली ती गोमाँ कंपनीची, ॲलिस गी या बाईंनी केलेली, असे सामान्यतः मानले जाते. आम्ही भिंगारला चादरीवर पाहिली तीही हीच.

होय, बाईंनी केलेली. ॲलिस गी यांचा जन्म १८७३ चा. लेओं गोमाँ यांच्या कचेरीत त्या चिटणीस म्हणून लागल्या आणि १८९६ च्या सुमारास, चलच्चित्रांचा शोध अगदी कोवळा असताना, त्यांनी स्वतः कथाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. त्यांचे शिक्षण काही काळ मठातील धर्मभगिनींच्या शाळेत झाले होते. १९०६ चे ख्रिस्तचरित्र हे त्यांचे गोमाँमधील सर्वांत मोठे काम. पंचवीस देखावे, सुमारे तीनशे जणांचा जमाव, खास उभारलेली नेपथ्ये. व्हिक्तोरें झासे हे त्यांचे साहाय्यक होते. गंमत अशी की, पुढे फ्रेंच इतिहासकारांनी कित्येक वर्षे हे चित्र त्या साहाय्यकाच्याच नावावर मांडले. बाईंनी उतारवयात आपल्या कामाच्या नोंदी जुळवून ही चूक दुरुस्त करण्याचा खटाटोप केला. त्या १९६८ मध्ये अमेरिकेत वारल्या आणि त्यांचे आत्मचरित्र १९७६ साली, म्हणजे मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाले.

या पंचवीस देखाव्यांची बांधणी मुळातच क्रुसाच्या वाटेसारखी आहे. प्रत्येक देखाव्याआधी पाटी येते: बेथलेहेमात आगमन, शोमरोनी स्त्री, याईराची कन्या, झावळ्यांचा रविवार, शेवटचे भोजन. पाटी वाचावी, देखावा पाहावा, पुढे सरकावे. स्थानाचे नाव पुकारले जाते, गुडघे टेकतात, मंडळी पुढे जातात, तसेच. म्हणून कथा जोडून सांगण्याची त्या काळच्या दिग्दर्शकांची मोठी अडचण येथे उद्भवतच नाही. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असते. एका देखाव्यातून दुसऱ्यात उडी घेतली तरी त्याचा पाय अडखळत नाही. रामायण ठाऊक असलेल्या श्रोत्याला कीर्तनकार वनवासातून थेट लंकेत नेतो, तेव्हाही हेच घडते. जगात सर्वत्र चित्रपटाने आरंभी ठाऊक असलेल्या कथा निवडल्या त्याचे एक कारण, आमच्या मते, भक्तीपेक्षा हेच असावे.

देखाव्यांचे रूप बाईंनी जेम्स तिसो या चित्रकाराच्या सचित्र बायबलावरून घेतले. तिसो (१८३६-१९०२) पवित्र भूमीत प्रत्यक्ष जाऊन आला होता. तेथील घरे, पोशाख, चेहरे त्याने टिपून आणले आणि ख्रिस्तचरित्राची साडेतीनशे जलरंगचित्रे काढली. छापील प्रतींतून ही चित्रे घरोघर पोहोचली होती. आता फाळके यांच्याकडे वळून पाहा. लोणावळ्याला राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात त्यांनी शिळाछापाचे काम केले होते, पुढे स्वतःचा लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभारला, तीनरंगी छपाई शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला गेले. रविवर्म्याचे राम, कृष्ण, सरस्वती ज्या छापील चित्रांतून आपल्या शेजाऱ्यांच्या भिंतींवर आले, त्या छापखान्याच्या शाईत या माणसाचे हात बुडालेले होते. पॅरिसच्या बाईंच्या मागे तिसो, नाशिकच्या ब्राह्मणाच्या मागे रविवर्मा. दोघांनीही भिंतीवरचे चित्र उतरवून त्याला चालावयास लावले.

आता तो सहावा देखावा.

या चित्रात कॅमेरा बहुधा स्थिर असतो. नाटकगृहात पुढच्या रांगेच्या मध्यभागी बसलेल्या सद्गृहस्थाप्रमाणे तो समोर बसतो आणि माणसे डोक्यापासून पायापर्यंत दिसतील एवढ्या अंतरावरून सारे पाहतो. ही काही उणीव नव्हे. त्या काळी पूर्ण माणूस दाखविणे हाच शिष्टाचार होता. छातीखाली तोडलेले माणूस पडद्यावर आले तर प्रेक्षकांना चमत्कारिक वाटेल अशी भीती कंपन्यांना होती. या अंतराचा एक परिणाम मात्र असा होतो की, गर्दीच्या देखाव्यात डोळ्याला कोठे पाहावे ते सांगणारे कोणी नसते. सैनिक, बघे, रडणाऱ्या स्त्रिया, सारे एकाच वेळी हलत असतात. वेरोनिकेच्या देखाव्याचा आरंभ असाच आहे. मिरवणूक रस्त्याने येते, प्रभू क्रुसाखाली वाकलेले. गर्दीतून एक स्त्री पुढे होते, मुख पुसते. हे सारे दुरून. पापणी लवली तर ते निसटून जावे. आमच्या लहानपणीच्या सहाव्या स्थानासारखेच.

आणि मग चित्र कापले जाते. पुढल्या क्षणी वेरोनिका जवळून दिसते. तिने दोन्ही हातांनी रुमाल उलगडून आपल्यासमोर धरला आहे आणि त्यावर प्रभूचे मुख उमटले आहे. गर्दी नाही, सैनिक नाहीत, रस्ताही जवळजवळ नाही. एक स्त्री, एक कापड, एक मुख. संपूर्ण चित्रात इतक्या जवळून घेतलेले असे दृश्य हेच. पंचवीस देखावे दूर बसून पाहणाऱ्या त्या सद्गृहस्थाला बाईंनी येथे, केवळ येथे, हाताला धरून पुढे आणले.

हा कट समजून घेण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागेल. १९०३ मध्ये एडविन पोर्टर या अमेरिकन दिग्दर्शकाने आगगाडीवरील दरोड्याचे चित्र घेतले. त्याच्या अखेरीस दरोडेखोर जवळून दिसतो, थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखतो आणि गोळी झाडतो. या दृश्याचा कथेशी काही संबंध नाही. ते आरंभी लावले तरी चालेल आणि शेवटी लावले तरी चालेल, असेच कंपनीने चित्रगृहांना कळविले होते. लोकांना दचकविणे एवढाच त्याचा हेतू. वेरोनिकाही थेट आपल्याकडे पाहते, तीही चौकट ओलांडून प्रेक्षकाशी बोलते. पण तिचे दृश्य जागेवरून हलविता येत नाही. दुरून घडलेल्या गोष्टीचा अर्थ जवळून कळतो, आणि जवळच्या दृश्याला बळ दुरच्या गर्दीने दिलेले असते. कथेच्या पोटातून जन्मलेले समीपदृश्य ते हे. पुढे ग्रिफिथने या साधनाचे पुष्कळ मोठे व्याकरण रचले. येथे त्याचे एक अक्षर दिसते.

दुसरेही काही येथे आहे, आणि ते सांगताना आम्ही थोडे घुटमळतो; कारण असली जुळणी लेखकाला फार चटकन सुचते. वेरोनिकेच्या कापडावर मुख कोणी रंगविलेले नाही, ते स्पर्शाने उमटले आहे, अशी परंपरा. म्हणूनच मध्ययुगात तिच्या नावाची फोड 'खरी प्रतिमा' अशी करीत. भाषाशास्त्राला ती फोड मान्य नाही, तरी भाविकांना ती प्रिय होती. छायाचित्रही हाताने काढलेले नसते. समोरच्या वस्तूवरून आलेला प्रकाश ते उमटवितो. चित्र दाखविणाऱ्या बाईंच्या मनात हा विचार होता की नाही, हे ठरविण्याचे आपल्यापाशी साधन नाही. परंतु ताणलेल्या चादरीवर, चादरीएवढेच पांढरे कापड हातात धरलेली स्त्री दिसली, तेव्हा मागच्या बाकावरील आजींचा हात कपाळाकडे गेला, एवढे आम्ही पाहिले आहे.

बाकीच्या देखाव्यांतील दोन गोष्टी सांगून हा भाग आटोपतो. कालवरीचा चढ बाईंनी रंगविलेल्या पडद्यांपुढे न घेता पॅरिसजवळील फाँतेनब्लोच्या रानातील खडकांत घेतला आणि तेथे स्थिर कॅमेराही मान वळवून मिरवणुकीबरोबर सरकतो. वाट खरीच लांब आहे हे त्या वळण्याने कळते. पुनरुत्थानाच्या देखाव्यात दुहेरी छायाचित्रण आहे. याची रीत अशी: फितीवर एक दृश्य घ्यावयाचे, हातमुठीचे फेरे मोजून फीत उलट गुंडाळावयाची, आणि काळ्या पडद्यापुढे दुसरे दृश्य त्याच फितीवर घ्यावयाचे. काळा रंग फितीवर काही उमटवीत नाही; त्यामुळे दुसरी आकृती पहिल्यात अधांतरी दिसते. एक फेरा चुकला की दोन्ही दृश्ये वाया.

फाळके यांनी गिरगावात हे सारे पाहिले ते केवळ भाविक म्हणून नव्हे. ते छायाचित्रकार होते, रंगकाम जाणत होते, जादूचे प्रयोगही करीत. पडद्यावरचा चमत्कार पाहून हात जोडणारे पुष्कळ. तो कसा केला असेल हे मोजणारा एखादा. चित्रे पाहण्याच्या आणि प्रयोगांच्या अतिरेकाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांची चित्रशाळा पाहिली, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. चार रिळे, सुमारे ३,७०० फूट. त्यात भालचंद्रच रोहिदास झाला होता. दोन वर्षांपूर्वी जनावरांची गोष्ट घरी सांगणारा तोच मुलगा. तारामतीची भूमिका मात्र कोणी स्त्री करावयास तयार होईना, म्हणून अण्णा साळुंखे या पुरुषाने ती केली.

सरस्वतीबाईंचे काम पडद्यावर कोठेच दिसत नाही. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. रात्री फितीला भोके पाडीत, फीत धुण्यात मदत करीत. चित्रण चालू असता नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असे सांगितले जाते. हे वाचले तेव्हा आम्हांस सहावे स्थान आठवल्यावाचून राहिले नाही. येथेही मुख दुसऱ्याचेच उजळावयाचे होते.

फाळके यांनी ख्रिस्तचरित्रातून काय घेतले, हे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या उरल्यासुरल्या रिळांत पाहता येते. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये विश्वामित्राच्या यज्ञातील ज्वाळांत तीन शक्ती स्त्रीरूपाने दिसतात. ती रीत थडग्यातून वर येणाऱ्या प्रभूच्या देखाव्याची, दुहेरी छायाचित्रणाची. समोरासमोरची मांडणीही तीच. आमच्या मते मात्र बाईंच्या सहाव्या देखाव्याचा खरा शेजारी 'कालियामर्दन' (१९१९) आहे. या चित्राच्या आरंभी फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी जवळून दिसते. ती नुसत्या मुद्रेने एकामागून एक भाव करून दाखविते, आणि मग तीच मुलगी कृष्ण होते. आधी माणसाचे मुख, मग देवाचे. आणि ते दडविण्याचा कोणताही प्रयत्न नाही. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो, तेव्हा फाळके पाण्याखालची झुंज आणि काठावरचा आकांत आळीपाळीने दाखवितात. खाली नाग आणि बालक, वर ऊर बडविणारी यशोदा. १९०६ च्या चित्रात प्रत्येक देखावा स्वयंपूर्ण होता. येथे दोन देखावे एकमेकांत विणले गेले आहेत. तेरा वर्षांत हे साधन किती पुढे गेले हे या एका प्रसंगात दिसते. शिष्याने गुरूची केवळ नक्कल केली असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकवार पाहावा.

म्हणून आमच्या गृहस्थांचे पहिले वाक्य आम्हांस अर्धेच खरे वाटते. ख्रिस्तचरित्र पाहून फाळके पेटले हे खरे. पण ज्या दिव्याला ती ठिणगी लागली त्यातील तेल रविवर्म्याचे, कीर्तनाचे, पुराणांचे होते. आणि देवघेवीचा हा हिशेब १९११ पासून सुरू होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी प्रभूच्या जीवनासाठी पुराणाचा साचा आणि मराठी ओवी घेतली. श्रोत्यांना पुराण ऐकण्याची सवय होती, त्या सवयीवर त्यांनी विश्वास टाकला. सुमारे तीनशे वर्षांनी एका त्र्यंबकेश्वरच्या माणसाने उलट दिशेने तोच प्रवास केला. ख्रिस्ताच्या चित्राचा साचा घेऊन त्यात कृष्ण बसविला. स्टीफन्स यांचा प्रवास आम्हांला अभिमानाचा वाटतो. मग दुसऱ्या प्रवासाला दालनाच्या दाराशी का अडवावे?

आपल्या नगरचेच एक उदाहरण देतो. शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. (त्याच महिन्यात, नऊ दिवस आधी, येथील लष्करातील एका आयरिश शिपायाच्या घरी स्पाइक मिलिगन जन्मला, तो पुढे इंग्लंडात विनोदी नट आणि लेखक म्हणून गाजला. एप्रिल १९१८ मध्ये नगरच्या हवेत काहीतरी नाटकी असावे.) मोडक १९३२ च्या 'श्यामसुंदर' या बोलपटात बाळकृष्ण झाले, आणि त्यानंतर कित्येक चित्रांत त्यांनी कृष्णच साकारला. १९४० मध्ये प्रभात कंपनीच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. महाराष्ट्रातील लाखो लोकांच्या मनात ज्ञानोबांचे मुख म्हणून जे उमटले, ते नगरच्या एका ख्रिस्ती तरुणाचे होते. त्या मुखापुढे हात जोडणाऱ्यांनी त्याचा धर्म विचारला नाही.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. ते शांतपणे ऐकून घेतात, वाद घालीत नाहीत. माणूस सज्जन आहे. "मोडक आपल्या नगरचे होते हे मला माहीत नव्हते," एवढेच म्हणाले. 'कालियामर्दन'चा निर्णय धर्मग्रामाच्या पुढल्या बैठकीत व्हावयाचा आहे. मागच्या बाकावरील आजींनी मात्र आपले मत आधीच नोंदविले आहे. त्यांनी लहानपणी 'संत ज्ञानेश्वर' पाहिला होता. चादर आपल्या घरची देईन म्हणतात, कारण मागल्या खेळाच्या चादरीला मध्यभागी शिवण होती आणि ती नेमकी वेरोनिकेच्या रुमालावर आली होती.